लाडघरचे गोटे

आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. आमच्यापैकी एकजण भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर आहे आणि दुसरी सकाळी चार घरी पोळ्याभाजीचे काम करते. त्या चारपैकी एका घरातल्या बाई युरोपची सहल करून आल्या. येताना त्यांनी काचेच्या बरणीत मूठभर गोटे आणले आणि ती बरणी टीव्हीशेजारी मांडून ठेवली. भूमध्य समुद्राच्या काठी कोळ्यांचे एक लहानसे गाव आहे, तिथे वाळू नाही, सगळा किनारा अशा गुळगुळीत गोट्यांचा आहे, तिथे आम्ही दिवसभर नुसते बसून राहिलो, इतकी शांतता कधी अनुभवली नव्हती, असे बाई मोठ्या कौतुकाने सांगत होत्या.

रात्री जेवताना ही हकीकत घरी निघाली. आमच्या आई भाकरी मोडता मोडता थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबनं खडी आणली? आमच्या टायमाला खडी डोस्क्यावरनं उतरत नव्हती."

आम्ही हसलो. आईंनाही हसू आले. परंतु त्या बोलल्या त्यात थट्टेपेक्षा खरेपणाच जास्त होता.

आईंचे माहेर धाराशिव जिल्ह्यातले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. घरातली सगळी माणसे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. दगडावर हातोडा मारायचा, ढीग लावायचा, मोजणी झाली की मजुरी, आणि लेकरांना वाटीभर सुकडी. लग्नानंतर त्या पुण्याकडे आल्या. पुढे हिंजवडीत आयटी कंपन्या उभ्या राहिल्या आणि पिंपळे सौदागरच्या ज्वारी-उसाच्या रानात बारा-बारा मजल्यांच्या इमारती उठल्या. त्या इमारतींवर आईंनी बिगारी म्हणून वर्षानुवर्षे काम केले. वाळू, सिमेंट, खडी, सगळे घमेल्यातून डोक्यावर. ज्या बाईंच्या घरात ती बरणी आहे, त्यांच्या शेजारच्या इमारतीचा स्लॅब टाकला तेव्हा आई त्याच कामावर होत्या. आता गुडघे गेले आहेत. जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी चढतात.

त्या रात्री आम्ही आईंना विचारले, "आई, तुम्ही समुद्र पाहिला आहे का?"

"पाहिला की. सहा डिसेंबरला. चैत्यभूमीच्या मागं. माणसांच्या डोक्यावरनं दिसतो तेवढा."

आम्ही विचारात पडलो. नागपूरची दीक्षाभूमी झाली, दादरची चैत्यभूमी झाली, एक जानेवारीचे भीमा कोरेगाव तर दरवर्षीचे. आईंनी आयुष्यात जेवढा प्रवास केला तो सगळा अभिवादनासाठी केला, बहुतेक वेळा टेम्पोत उभ्याने केला, आणि गर्दीतच केला. त्याचे त्यांना समाधान आहे. पण कुठे जाऊन नुसते बसावे, वारा घ्यावा, यासाठी म्हणून त्या कधी घराबाहेर पडल्या नाहीत. खरे सांगायचे तर आम्हीही पडलो नाही.

सहल की अभिवादन?

आमच्या गल्लीतल्या महिलांनी २०२५ च्या सात फेब्रुवारीला, माता रमाईंच्या जयंतीला, दापोलीजवळच्या वणंद गावी जायचे ठरवले होते. सतरा आसनांचा टेम्पो ट्रॅव्हलर ठरला. डबे घरचेच, त्यामुळे माणशी अकराशे रुपयांत भागणार होते. दोन महिने आधीपासून पैसे जमा करायला सुरुवात झाली. बैठकीत आम्ही भीत भीत सुचवले की, वणंदपासून समुद्र फार लांब नाही, येताना तासभर तिथे थांबू या.

गल्लीतले एक काका आहेत. कंपनीतून निवृत्त झालेले, वाचन दांडगे, विहारात तेच वंदना घेतात. ते म्हणाले, "आपण रमाईच्या गावाला चाललो आहोत. सहलीला नाही. तिथे जायचे, अभिवादन करायचे आणि परत यायचे."

कोणी काही बोलले नाही. काकांचे चूक आहे असेही वाटेना. ज्या माउलीने उपाशी राहून संसार ओढला, तिच्या जयंतीच्या दिवशी आपण समुद्रावर मजा करायची म्हणजे बरे दिसेल का, हा प्रश्न आमच्याही मनात होताच. समुद्राचे काय ते न ठरवताच आम्ही निघालो.

रात्री दोनला गाडी सुटली. वाकड, चांदणी चौक, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटाला लागलो तेव्हा बाहेर काळोख होता आणि आत सगळे पेंगत होते. माणगावला मुंबई-गोवा महामार्ग लागला. साडेसहाच्या सुमारास महाड आले. गाडी चवदार तळ्याकाठी थांबवली. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी याच तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या एका ओंजळीचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. बायकामाणसांनी पायरीवर बसून पाण्याला हात लावला. लहान मुलांनी विचारले, "एवढंसंच तळं?" काकांनी त्यांना शांतपणे सगळा इतिहास सांगितला. तिथेच गाडीच्या आडोशाला चहा झाला.

पोलादपूर ओलांडून कशेडीच्या बोगद्यातून गाडी पलीकडे उतरली. खेडहून दापोलीची वाट धरली की जमिनीचा रंगच बदलतो. तांबडी माती, तांबडे दगड, घरे त्याच तांबड्या चिऱ्यांची. याला जांभा म्हणतात. आंब्याला मोहोर आला होता, काजूलाही फुले दिसत होती. आईंनी खिडकीतून बोट करून विचारले, "हा दगड फोडत न्हाईत व्हय?" ड्रायव्हर म्हणाला, "नाही मावशी, हा कापतात. विटेसारखा." आई बराच वेळ त्या चिऱ्यांच्या भिंतींकडे बघत राहिल्या.

वणंद

दापोली हे आपल्या इतिहासातले फार मोठे गाव आहे. पलटणीतून निवृत्त झालेली आपली माणसे इथल्या कॅम्पात स्थायिक झाली होती. १८८८ साली 'विटाळ विध्वंसक' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर इथेच राहत. सुभेदार रामजीबाबाही निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन इथे आले आणि बाल भीमरावाचा शाळेशी पहिला संबंध दापोलीतच आला.

वणंदला त्या दिवशी मोठी गर्दी होती. मुंबईहून, चिपळूणहून, खेडहून गाड्या आल्या होत्या. निळ्या झेंड्यांनी रस्ता सजला होता. रांगेत उभे राहून आम्ही स्मारकात अभिवादन केले. आईंच्या गुडघ्यांकडे पाहून एका अनोळखी मुलाने त्यांना खुर्ची आणून दिली. भोजनदानाची खिचडी झाली.

जेवण झाल्यावर झाडाखाली बसलो असताना काकांनी मुलांना जवळ बोलावले आणि रमाईंच्या बालपणाची माहिती सांगितली. रमाईंचे वडील भिकू धुत्रे हे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या बाजारात वाहून नेण्याचे काम करीत. आईचे छत्र लहानपणीच हरपले, पाठोपाठ वडीलही गेले आणि पोरक्या भावंडांना नातेवाईक मुंबईला भायखळ्यात घेऊन गेले. पुढे बाबासाहेबांशी लग्न झाले तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. एका कोपऱ्यात वरपक्ष, दुसऱ्या कोपऱ्यात वधूपक्ष. बसायला दगडी ओटे, आणि पायाखालून बाजाराच्या गटाराचे पाणी वाहत होते.

आठवीतल्या एका मुलीने विचारले, "दाभोळ इथून किती लांब आहे?"

"दापोलीपासून पंचवीस-तीस किलोमीटर."

"मग ते टोपली घेऊन चालत यायचे?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. बंदरावरचे ओझे, ओल्या टोपलीतून अंगावर गळणारे खारे पाणी, चढणीचा रस्ता, हे सगळे बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावे. मग ते स्वतःच म्हणाले, "चला. त्यांनी ज्याच्या काठाने ओझी वाहिली तो समुद्र आपण बघू. तो बघितल्याशिवाय वणंदला येणे पुरे व्हायचे नाही."

आम्हाला किती बरे वाटले ते काय सांगावे! दाभोळ लांब पडत होते आणि रात्री परतायचे होते. ड्रायव्हरने जवळचे लाडघर सुचवले.

दगडांचा किनारा

लाडघर हे दापोलीच्या पश्चिमेला, घाटीचा उतार उतरल्यावर लागणारे लहान गाव आहे. शेजारी बुरोंडी, मासेमारी करणाऱ्यांचे. शनिवार-रविवारी इथे पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. आम्ही पोहोचलो तो शुक्रवार होता, दुपारचे चार वाजत होते आणि किनाऱ्यावर जवळजवळ कोणी नव्हते. माडांच्या वाड्या, त्यापुढे सुरूची झाडे, आणि त्यापुढे एकदम सगळे मोकळे.

किनारा लांबलचक आहे. बराचसा वाळूचा. पण एका अंगाला वाळू संपून दगडगोटे सुरू होतात. सुपारीएवढे, अंड्याएवढे, काही नारळाएवढे. काळे, करडे आणि पुष्कळसे तांबडे. पाणी त्यांच्यावरून सरकले की तांबडा रंग असा उजळतो की पाणीच तांबूस वाटते. म्हणूनच या समुद्राला इथले लोक तामसतीर्थ म्हणतात. त्यावर पुराणातल्या कथा सांगितल्या जातात, लोक स्नानालाही येतात. कारण मात्र साधे आहे आणि ते मुलांना जरूर सांगावे. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. कोकणच्या ऊन-पावसात त्याच्या वरच्या थराचे घटक झिजून वाहून गेले, लोह मागे राहिले, आणि लोखंड गंजून लाल होते तसा तो थर लाल झाला. तोच जांभा. त्याचे आणि काळ्या दगडाचे तुकडे कड्यांवरून समुद्रात पडतात आणि लाटा ते एकमेकांवर घासून घासून गोल करतात.

गोट्यांच्या किनाऱ्याची आणखी एक गंमत आम्ही तिथे पाहिली. वाळूवर लाट येते तशी पसरून परत जाते. गोट्यांवर मात्र आलेल्या पाण्यातले पुष्कळसे दगडांच्या फटींत जिरते. त्यामुळे परतणाऱ्या पाण्याला जोर उरत नाही, आणि लाटेने वर ढकललेले दगड वरच राहतात. म्हणून असा किनारा वाळूपेक्षा उभा असतो. आणि पाणी परतताना जो आवाज होतो तो वाळूवर कधी ऐकू येत नाही. हजारो गोटे एकावर एक घरंगळतात. पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा, पण त्याहून खोल, आणि कितीही ऐकला तरी न कंटाळवणारा आवाज.

आमच्या बाईंनी सांगितलेला किनारा असाच असावा. फ्रान्समध्ये भूमध्य समुद्रावर नीस नावाचे प्रसिद्ध शहर आहे, त्याचा सगळा किनारा गोट्यांचा आहे आणि जगभरची माणसे तिथे येऊन बसतात. त्यासाठी विमानाला पैसे लागतात. लाडघरला आम्ही अकराशे रुपयांत आलो होतो, वणंद धरून.

मुले पाण्याकडे धावली. दोघींनी आईंना दोन्ही हातांना धरून सावकाश आणले. गोट्यांवर पाय ठरत नव्हता. आई म्हणाल्या, "सोडा मला. दगडावर चालायचं मला शिकवता का?" त्यांनी चपला काढल्या, पाय आडवा टाकत टाकत पाच-सहा पावले त्या एकट्या गेल्या आणि एका मोठ्या दगडाला टेकून खाली बसल्या. एक गोटा हातात घेतला. उलटासुलटा केला. अंगठ्याने त्याची कड शोधली. कड नव्हतीच.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ह्यो कुणी फोडला न्हाई."

एवढेच. पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. खडीच्या तुकड्याला धारदार कडा असतात, बोटे रक्ताळतात, हे आम्ही त्यांच्याकडून लहानसहान प्रसंगी ऐकलेले होते. बारा वर्षांच्या वयापासून ज्या बाईने दगड म्हणजे मजुरी एवढेच पाहिले, तिच्या हातात ज्याची मजुरी नाही, मोजणी नाही, असा दगड पहिल्यांदाच आला होता.

चुंबळ

पाच वाजता बुरोंडीकडून एक म्हातारी मासळीवाली आली. डोक्यावरच्या टोपलीत सुकी मासळी उरलेली होती. आमच्या बायकांनी तिला बसवून घेतले. सुका जवळा आणि बांगडे यांचा भाव सुरू झाला. आईंना जवळा हवा होता, आमच्याकडे त्याला सुकट म्हणतात. घासाघीस चांगली रंगली. शेवटी म्हातारीने एक मूठ वर घातली.

टोपली खाली ठेवल्यावर तिने डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवली. आईंनी ती हातात घेऊन पाहिली, पीळ चाचपला आणि म्हणाल्या, "बेस वळलीय. आमची गोणपाटाची असायची. लवकर सुटायची."

"तुम्ही पन मासली विकताव?" म्हातारीने विचारले.

"न्हाई. खडी वाहिली. घमेल्यानं."

म्हातारीने आईंच्या डोक्याकडे पाहिले. मग स्वतःचा पदर मागे घेऊन मान खाली केली. टाळूवरचे केस घासून विरळ झाले होते, रुपयाएवढी जागा नुसती चकचकीत. आईंनीही पदर सरकवला. तशीच जागा. दोघी हसू लागल्या, आणि अशा हसल्या की पाण्यातली मुले वळून पाहू लागली.

त्या दोघींची जात, धर्म, गाव कुणी कुणाला विचारले नाही. "गुडघं दुखतात का?" हे मात्र विचारले. दुखत होते, दोघींचेही. म्हातारीने सांगितले की, आता गावातल्या तरण्या बायका रिक्षाने मासळी नेतात, ते बरे झाले. काका जवळच उभे राहून सगळे ऐकत होते. मघाशी वणंदला सांगितलेली टोपलीची गोष्ट आता त्यांच्या समोर दगडावर ठेवलेली होती, ओल्या वेताच्या वासासकट.

तिथेच एक तरुण मच्छीमार जाळे दुरुस्त करत बसला होता. पाणी हळूहळू वर चढत होते. मुलांनी विचारले, "भरती कधी येणार हे तुम्हाला कसे कळते?" त्याने सोपा हिशेब सांगितला. दिनदर्शिकेत तिथी पाहायची आणि तिची पाऊणपट करायची. आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातच्या आगेमागे पूर्ण भरती, आणि त्याच्या आधी सुमारे सहा तास ओहोटी. चतुर्थीला चारची पाऊणपट, तीन वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वा अकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. हिशेब ढोबळ आहे, थोडे मागेपुढे होते, पण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आठवीतल्या मुलीने तो लगेच वहीत लिहून घेतला. आम्ही पौर्णिमा पाळणारी माणसे. पौर्णिमेला समुद्र काय करतो हे आम्हाला इथे कळले.

एकच चव

ऊन उतरले तशी सगळी मंडळी गोट्यांवर येऊन बसली. कोणी मोबाइल काढला नाही असे म्हणणे खोटे होईल, फोटो भरपूर काढले. पण ते झाल्यावर हळूहळू सगळे शांत झाले. सतरा माणसे एकत्र बसली आहेत आणि कोणी काही मागत नाही, कोणी कोणावर ओरडत नाही, असे आमच्या गल्लीत सहसा घडत नाही.

काका म्हणाले, "भगवान बुद्धांनी समुद्राची आठ आश्चर्ये सांगितली आहेत." पाली वाङ्मयातल्या 'उदान' या ग्रंथात तो उपदेश आहे. त्यातली दोन काकांनी सांगितली. गंगा, यमुना, अचिरवती, शरभू, मही या मोठमोठ्या नद्या समुद्राला मिळाल्या की आपापली नावे टाकतात आणि समुद्रच होतात. तसे चारही वर्णांचे लोक संघात आले की जुनी नावे आणि कुळे टाकतात. दुसरे, समुद्राला सगळीकडे एकच चव, मिठाची. तशी धम्मालाही एकच चव, विमुक्तीची.

एका मुलाने लगेच बोट बुडवून चव पाहिली आणि तोंड वाकडे केले. सगळे हसले. काकाही हसले. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. बैठकीत 'सहलीला नाही' म्हणणारे हेच काका सूर्य टेकेपर्यंत पाण्यातून बाहेर येईनात.

आमच्या मनातला प्रश्न तोवर बराचसा सुटला होता. बंदरावरून टोपल्या वाहून नेणाऱ्या माणसाला समुद्र रोज दिसत असेल. पण खाली बसून तो बघायला त्याला किती वेळ मिळाला असेल? ओझे डोक्यावर असले की नजर पायाखाली ठेवावी लागते. आपल्या कितीतरी पिढ्या अशा सुंदर मुलखांतून नजर पायाखाली ठेवून गेल्या. आज आपल्याला दोन घटका बसता येत असेल, तर त्यात कोणाचा अपमान नाही. ओझे उतरावे म्हणूनच तर आधीच्या माणसांनी सोसले.

निघताना मुलांनी पिशवी भरून रंगीत गोटे गोळा केले होते. आईंनी पिशवी उचलून पाहिली आणि सगळी तिथेच रिकामी केली. "ठिवा हितंच. दगड उचलायला आलो व्हय आपण?"

मुले हिरमुसली. पण आईंचे बरोबरच होते. लाटांचा मार हे दगड झेलतात म्हणून मागची जमीन टिकते. प्रत्येकाने पिशवीभर नेले तर किनारा उरायचा नाही. भूमध्य समुद्रात इटलीचे सार्डिनिया नावाचे बेट आहे. तिथे किनाऱ्यावरची वाळू-गोटे नेणाऱ्याला २०१७ सालच्या कायद्याने ५०० ते ३,००० युरो दंड होतो. आमच्या बाईंनी आपले गोटे कुठून आणले ते आम्हाला ठाऊक नाही, आणि हा कायदा त्यांना सांगावा की नाही याचा निर्णय अजून झालेला नाही.

साडेसहाच्या सुमारास सूर्य पाण्यात गेला. आम्ही उतरलेली जागा तोवर पाण्याने अर्धी झाकली होती आणि गोट्यांचा आवाज वाढला होता. गाडीत बसल्यावर आईंनी डोळे मिटले. झोपल्या असे वाटले. घाटी चढून गाडी वर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अजून ऐकू येतंय."

पहाटे तीनला घरी पोहोचलो. सहाला दोघेही कामावर हजर.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

वाचक बंधू-भगिनींनो, वणंदला जाणार असाल तर लाडघरसाठी दोन तास जरूर राखून ठेवा. मोठ्या गटाने टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलेले परवडते. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात पाऊल टाकू नका. एक जूनपासून तर मच्छीमारांच्या यांत्रिक होड्याही बंद ठेवतात, मग आपण कशाला धाडस करावे?

गोट्यांवर चालताना मऊ तळाच्या पट्ट्याच्या चपला घाला. शेवाळलेल्या दगडावर उभे राहू नका. किनारा उभा असल्याने दोन पावलांवर पाणी एकदम खोल होऊ शकते, म्हणून मुलांचा हात सोडू नका. ओहोटीच्या वेळी खडकांवर लांबवर गेलात तर भरती मागून वाट अडवते. तिथीचा हिशेब घरूनच करून निघा आणि तिथे गेल्यावर गावकऱ्यांना विचारून खात्री करा. जेवणाचे कागद आणि बाटल्या परत आणा. सुकी मासळी घेणार असाल तर किनाऱ्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि फार घासाघीस करू नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की न्या. त्या "आम्ही कशाला, तुम्ही जा" म्हणतील. ऐकू नका. बसायला एक सतरंजी आणि पाठीला टेकायला उशी घेतली की झाले.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी परत आल्यावर महिना शंभर रुपयांची भिशी सुरू केली आहे, फक्त प्रवासासाठी. पुढच्या खेपेला दाभोळला जायचे ठरते आहे. पहिले शंभर रुपये आईंनी दिले.

जयभीम.